तारा सरकारच्या, केबली कंपन्यांच्या: ब्रिटिश हिंदुस्थानातल्या दूरसंचाराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटिश काळात तार-टेलिफोन सरकारी होते की खासगी?

दोन्ही. देशांतर्गत तारा सरकारी होत्या. समुद्राखालून विलायतेला जाणाऱ्या केबली बहुतांशी खासगी. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासचे टेलिफोन १९४३ पर्यंत खासगी कंपन्यांकडे होते. विलायतेशी बिनतारी संपर्क ठेवणारी कंपनीही खासगी. रेडिओ खासगी म्हणून सुरू झाला, तीन वर्षांत बुडाला आणि सरकारने उचलला.

म्हणून "इंग्रजांनी सगळं सरकारी ठेवलं" हेही खरं नाही आणि "इंग्रजांच्या काळी खासगी उद्योगाला मोकळं रान होतं" हेही नाही. मालकी बदलत राहिली, परवाना देण्याचा हक्क मात्र सरकारने एकदाही सोडला नाही. हा इतिहास वाचताना मालक कोण एवढंच पाहून भागत नाही. परवानगी कोण देतो आणि बुडालेले पैसे कोण भरतो, हेही प्रत्येक वेळी विचारावं लागतं. पुढची उत्तरं याच दोन प्रश्नांच्या अंगाने लिहिली आहेत.

तारयंत्र इथे आणलं कोणी?

विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने. तो कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ बांबूंवर मैलोन्‌मैल तार ताणून प्रयोग केले आणि हुगळीच्या पाण्याखालूनही संदेश पाठवून पाहिला. कंपनी सरकारने तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. पुढे डलहौसी गव्हर्नर जनरल झाल्यावर चक्रं फिरली. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली लाइन १८५१ मध्ये वापरात आली. समुद्रातून येणाऱ्या जहाजांची खबर लवकर मिळावी हा तिचा हेतू. मार्च १८५४ मध्ये कलकत्ता आणि आग्रा जोडले गेले, आणि फेब्रुवारी १८५५ पासून मुंबई-मद्रासपर्यंत पोचलेल्या तारा सर्वांसाठी खुल्या झाल्या.

शिवचंद्र नंदी हे नाव इथे आवर्जून घ्यायला हवं. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा हा बंगाली माणूस ओशॉनेसीचा उजवा हात होता. डायमंड हार्बरच्या टोकाहून डलहौसीला पहिला संदेश त्यानेच पाठवला आणि नंतर कित्येक लाइनी टाकण्याचं काम पाहिलं. ओशॉनेसीला 'सर' किताब मिळाला. नंदींचं नाव आपल्या शालेय पुस्तकांत शोधून सापडत नाही.

इंग्लंडात तर तार कंपन्या खासगी होत्या. मग इथे सरकारी का?

खरंच उलटा प्रवास आहे हा. इंग्लंडात १८४६ पासून खासगी तार कंपन्या होत्या आणि त्या रेल्वेच्या कडेकडेने वाढल्या. तिथल्या पोस्ट खात्याने त्या ताब्यात घेतल्या १८७० मध्ये. म्हणजे मायदेशी सरकारीकरण होण्याच्या सोळा वर्षं आधी, १८५४ च्या ३४ व्या कायद्याने, हिंदुस्थानात तार टाकण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता.

त्यामागे सरकारी उद्योगाचं तत्त्वज्ञान शोधू नये. त्याच वर्षांत रेल्वे मात्र याच सरकारने खासगी कंपन्यांना दिली होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेशी १८४९ मध्ये करार झाला आणि भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. मग तारांना वेगळा न्याय का? पहिलं कारण खर्चाचं. रूळ, पूल, घाटातले बोगदे यांच्या मानाने खांब आणि तार स्वस्त, सरकारला स्वतःच्या पैशाने परवडण्यासारखी. दुसरं कारण अधिक वजनदार: रेल्वेतून माणसं आणि माल जातो, तारेतून हुकूम जातात. फौज कुठून कुठे हलणार आणि कोणत्या दरबारात काय शिजतंय याच्या बातम्या कुणा कंपनीच्या कारकुनाच्या हातून जाव्यात, हे डलहौसीला परवडणारं नव्हतं. तो त्या वर्षांत एकामागून एक संस्थानं खालसा करत होता. सातारा १८४८ मध्ये गेलं होतं, झाशी १८५४ मध्ये, नागपूरही १८५४ मध्ये. तारांचं जाळं आणि खालसा झालेला मुलूख एकाच काळात पसरत गेला, हे नकाशा समोर ठेवला की लगेच दिसतं.

१८५७ मध्ये तारेमुळे इंग्रजांचं राज्य वाचलं, हे खरं आहे का?

अर्धं खरं. ११ मे रोजी दिल्लीच्या तार कचेरीतून अंबाल्याला बातमी गेली आणि तिथून पंजाबात पसरली. लाहोरच्या अधिकाऱ्यांनी १३ मे रोजी देशी पलटणींची शस्त्रं काढून घेतली. ही दोन दिवसांची आघाडी तारेनेच दिली. मात्र बंडवाल्यांनाही तारेचं महत्त्व लगेच कळलं. खांब उपटले गेले, तारा तोडल्या गेल्या आणि उत्तरेतलं बरंचसं जाळं महिनोन्‌महिने बंद पडलं. राज्य एकट्या तारेने राखलं असं म्हणणं लष्कराला आणि पंजाबच्या राजकारणाला वगळण्यासारखं होईल.

या धड्याचा परिणाम मात्र निर्विवाद आहे. १८५७ नंतर देशांतर्गत तारा खासगी हातात द्याव्यात का, हा प्रश्न सरकारदरबारी गांभीर्याने पुन्हा उभा राहिला नाही.

सामान्य माणसाला तार करता येत होती का?

कायद्याने येत होती, खिशाने नाही. सुरुवातीचा दर असा होता: दर ४०० मैलांमागे १६ शब्दांना एक रुपया. मजुराच्या महिन्याच्या कमाईत काही मोजके रुपये येत असतील, तर मुंबईहून कलकत्त्याला चार ओळी पाठवणं त्याच्या कल्पनेबाहेरचं होतं. शिवाय संदेश रोमन लिपीत द्यावा लागे. देवनागरीत तार करण्याची सोय सुरू झाली ती १९४९ मध्ये, स्वातंत्र्यानंतर.

तारेचा खरा फायदा व्यापाऱ्यांनी उचलला. चीनमधली अफूच्या भावाची बातमी आगबोटीने सिलोनच्या गॉल बंदरात येई आणि तिथून तारेने मुंबईत. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापूस बाजारात जी सट्टेबाजी माजली, तिच्यात तर काही तास आधी मिळालेल्या भावाला सोन्याचं मोल होतं. सरकारने राज्य चालवायला टाकलेल्या तारांवर गिरगाव-फोर्टमधले दलाल आणि शेठ आपले व्यवहार करू लागले.

परदेशी जाणाऱ्या केबली सरकारने स्वतः का टाकल्या नाहीत?

टाकल्या, एक महत्त्वाची टाकली. पण त्याआधी लाल समुद्रात जे घडलं ते समजून घ्यायला हवं. "खासगी कंपनीने जोखीम घेतली" असं कुणी म्हणालं की हे उदाहरण पुढे ठेवावं.

१८५७ नंतर लंडनला हिंदुस्थानशी थेट तार हवी होती. १८५८ मध्ये 'रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनी' उभी राहिली. सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकायची होती. गुंतवणूकदारांना ओढण्यासाठी ब्रिटिश सरकारने ८ लाख पौंडांच्या भांडवलावर साडेचार टक्के परताव्याची हमी दिली, तीही ५० वर्षांसाठी. केबल १८५९-६० मध्ये टाकली गेली. तिचं वेष्टन पातळ होतं, समुद्रतळाचे चढउतार नीट मोजले नव्हते, कोमट पाण्यात तिच्यावर शिंपले आणि शेवाळ चढलं, आणि ती एकामागून एक ठिकाणी तुटली. काही महिन्यांतच सगळा मार्ग निकामी झाला.

हमीच्या करारात मात्र केबल चालली पाहिजे अशी अटच नव्हती. त्यामुळे समुद्राच्या तळाशी पडलेल्या मुक्या केबलीसाठी भागधारकांना वर्षाला ३६,००० पौंड मिळत राहिले, ते थेट विसाव्या शतकापर्यंत. त्यातला वाटा हिंदुस्थानच्या तिजोरीनेही उचलला. दुष्काळात सारा माफ करायला ज्या सरकारला पैसे नसत, त्याच्या जमाखर्चात हे देणं वर्षानुवर्षं विनातक्रार बसलं होतं. याचा राग आजही यावा असा हा हिशेब आहे.

यानंतर हिंदुस्थान सरकारने स्वतः कंबर कसली. १८६४ मध्ये इराणच्या आखातातून केबल टाकली गेली. ती शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला आणली आणि इथून आगबोटींनी ओढत आखातात नेली. मकरान किनाऱ्यावरच्या ग्वादरपासून ओमानकडच्या मुसंदमच्या खडकाळ किनाऱ्याजवळून इराणातल्या बुशहरमार्गे, आखाताच्या टोकाशी तेव्हाच्या तुर्की इराकात असलेल्या फाओपर्यंत ती गेली. मुसंदमच्या खाडीतल्या त्या छोट्या ठाण्याच्या बेटाला आजही टेलिग्राफ आयलंड म्हणतात. हे काम पाहणारा पॅट्रिक स्ट्यूअर्ट पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला वारला. ही लाइन 'इंडो-युरोपियन टेलिग्राफ डिपार्टमेंट' या सरकारी खात्याने चालवली आणि ती चांगली चालली. रखडपट्टी होई ती पुढे, तुर्की मुलखात. तिथे संदेश दिवसेंदिवस अडकत आणि इंग्रजी न जाणणाऱ्या तारबाबूंच्या हातून अगम्य होऊन लंडनला पोचत.

मग खासगी कंपन्या जिंकल्या कशा?

१८७० हे वर्ष निर्णायक. सीमेन्स बंधूंच्या इंडो-युरोपियन टेलिग्राफ कंपनीने लंडनपासून प्रशिया आणि रशियामार्गे तेहरानपर्यंत जमिनीवरून लाइन आणली. तेहरानपासून पुढे सरकारी तार. त्याच वर्षी जॉन पेंडर याने सुएझ-एडन-मुंबई ही केबल पुरी केली. पेंडर मँचेस्टरचा कापडाचा व्यापारी. मुंबईच्या कापसाचा भाव लवकर कळण्याचं महत्त्व त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. 'ग्रेट ईस्टर्न' हे त्या काळचं जगातलं सर्वांत मोठं जहाज हजारो मैल केबल पोटात घेऊन मुंबईच्या बंदरात आलं, उष्णता कमी लागावी म्हणून बाहेरून पांढरं रंगवलेलं. फेब्रुवारीत मुंबई-एडन मार्ग टाकून झाला. जूनमध्ये पेंडरच्या लंडनमधल्या घरी समारंभ झाला आणि तिथून हिंदुस्थानातल्या व्हाइसरॉयशी तारेने अभिवादनाची देवाणघेवाण झाली.

पेंडर जिंकला याचं श्रेय त्याच्या धडाडीला आहेच. लाल समुद्रातल्या अपयशातून शिकून चांगली केबल, चांगली जहाजं आणि नीट सर्वेक्षण वापरलं गेलं. सरकारी हमी न घेता हे उभं राहिलं, हेही मान्य केलं पाहिजे. १८७२ मध्ये त्याच्या कंपन्या एकत्र होऊन ईस्टर्न टेलिग्राफ कंपनी झाली आणि पुढची पन्नास वर्षं पूर्वेकडचे समुद्र जवळजवळ तिच्याच मालकीचे राहिले.

मुंबईहून विलायतेला तीन मार्ग होते, मग स्पर्धेने दर उतरले का?

फारसे नाहीत, आणि त्याचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. आखातातला मार्ग सरकारचा, जमिनीवरचा सीमेन्सचा, समुद्राचा पेंडरचा. तिघांनी एकमेकांशी झुंजण्याऐवजी उत्पन्न एकत्र गोळा करून ठरलेल्या प्रमाणात वाटून घेण्याचा करार केला. १८७८ पासूनची ही 'जॉइंट पर्स'. हिंदुस्थान सरकारचं खातं त्यात एक भागीदार होतं.

म्हणजे प्रजेच्या पैशाने चालणारं खातं प्रजेला स्वस्त मार्ग देण्याऐवजी दोन खासगी कंपन्यांबरोबर दर टिकवून धरत होतं. १८६५ च्या सुमारास २० शब्दांना पाच पौंड पडत. नंतर शब्दावर आकारणी सुरू झाली आणि शब्दाला ४ शिलिंग हा दर वर्षानुवर्षं टिकला. व्यापाऱ्यांनी त्यावर तोड काढली ती सांकेतिक पुस्तकांची: एका बनावट शब्दात अख्खं वाक्य. मुंबईच्या पेढ्यांतून असे जाडजूड कोड ग्रंथ टेबलावर असत. लॉर्ड कर्झनच्या काळात व्यापाऱ्यांच्या आणि सरकारच्या दबावाने दर उतरू लागले आणि ते २ शिलिंगांपर्यंत आले.

टेलिफोनची कथा वेगळी का?

इथे सरकारने आधी नकार दिला आणि वर्षभरात शब्द फिरवला. १८८० मध्ये ओरिएंटल टेलिफोन कंपनी आणि अँग्लो-इंडियन टेलिफोन कंपनी यांनी एक्स्चेंज काढण्याची परवानगी मागितली. उत्तर आलं की टेलिफोन हा सरकारचा एकाधिकार आहे आणि सरकार ते काम स्वतः करील. १८८१ मध्ये तेच सरकार ओरिएंटल कंपनीला परवाना देऊन मोकळं झालं. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रासच्या एक्स्चेंजचं उद्घाटन जाहीर झालं. कलकत्त्याच्या एक्स्चेंजला पहिल्यांदा ९३ ग्राहक होते.

शब्द का फिरवला? टेलिफोन त्या वेळी शहरापुरता होता. पेढीतून गोदीत, गिरणीतून कचेरीत बोलायचं साधन. त्यातून फौजा हलत नव्हत्या. राज्याला ज्याची गरज नाही आणि ज्यात नफा फक्त मोठ्या शहरातल्या श्रीमंतांकडून येणार, ते कंपन्यांना द्यायला सरकारची हरकत नव्हती. मुंबईत बॉम्बे टेलिफोन कंपनी चालली, पण तिचा विस्तार फोर्ट, गोदी, गिरण्या आणि बंगले यांच्या पलीकडे फार गेला नाही. मुफस्सलात, म्हणजे मोठ्या शहरांबाहेर, जिथे फोन आले ते बहुतेक तारखात्याने, स्वतःच्या कामासाठी आणले. पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसलं, कारण उन्हाळ्यात राज्य तिथून चाले.

१ एप्रिल १९४३ रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना, सरकारने मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या टेलिफोन कंपन्या विकत घेतल्या. फोनमधून फौजा हलायला लागल्या होत्या.

सरकारी तारखात्यातल्या नोकरांचं काय?

वरच्या जागा गोऱ्यांना, मधल्या बऱ्याचशा अँग्लो-इंडियन सिग्नलरांना, म्हणजे तारा पाठवणाऱ्या-घेणाऱ्यांना, देशी माणसं त्याखाली. १९०८ मध्ये कामाच्या पाळ्यांची नवी पद्धत लादली गेली तेव्हा रंगून, कलकत्ता, मुंबईसह मोठ्या कचेऱ्यांतले सिग्नलर संपावर गेले. तारा थांबल्या की व्यापार थांबतो, आणि मिटवामिटवीसाठी सरकारवर सर्वांत जास्त दबाव आणला तो युरोपियन व्यापाऱ्यांच्या चेंबरांनी. सरकारी एकाधिकाराची ही दुसरी बाजू: खातं एकच, म्हणून संपही देशभर एकच.

खडकी आणि दौंडचा या इतिहासाशी काय संबंध?

फार जवळचा, आणि पुणे जिल्ह्यातल्याच पुष्कळांना तो ठाऊक नसतो. १९२७ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची बीम सेवा, म्हणजे एकाच दिशेने झोत सोडणारी बिनतारी तारसेवा, सुरू झाली. इथलं प्रक्षेपण केंद्र खडकीला, ग्रहण केंद्र दौंडला. दोन्ही एकमेकांपासून दूर ठेवले, कारण स्वतःच्याच जोरदार लहरींनी विलायतेहून येणारा क्षीण संदेश बुडू नये. यंत्रणा मार्कोनीची आणि चालवणारी १९२३ मध्ये स्थापन झालेली इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी. समुद्राखाली हजारो मैल केबल टाकण्याऐवजी दोन ठिकाणी मनोरे उभारले की काम होत होतं. दर पडले, आणि ईस्टर्न टेलिग्राफचं साम्राज्य हादरलं.

पुढे जे झालं त्यात सरकार-खासगी वादातलं सर्वांत बोलकं प्रकरण आहे. इंग्लंडमधल्या बाजूची बीम केंद्रं तिथलं पोस्ट खातं चालवत होतं. म्हणजे सरकारी सेवा स्वस्त होती, वेगवान होती आणि फायद्यात होती. तिच्यामुळे खासगी केबल कंपन्या बुडण्याची भीती निर्माण झाली. केबली युद्धात लागतात, त्यातले संदेश हवेतून चोरता येत नाहीत, त्या बंद पडून चालणार नाही, असा युक्तिवाद झाला. १९२८ मध्ये परिषद भरली आणि १९२९ मध्ये केबल व बिनतारी एकत्र करून एक मोठी कंपनी बनवली गेली. पोस्ट खात्याची फायद्यातली बीम सेवा त्या कंपनीला वर्षाला अडीच लाख पौंडांच्या भाड्याने देऊन टाकली. हीच कंपनी १९३४ पासून केबल अँड वायरलेस. चांगली चाललेली सरकारी सेवा खासगी भागधारकांना सावरण्यासाठी दिली गेली, असं याचं सरळ वर्णन करता येतं.

इथेही त्याचे पडसाद उमटले. १९३२ मध्ये मुंबईत बिनतारी आणि केबल एकत्र येऊन इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. मुंबई-लंडन रेडिओ-टेलिफोन १९३३ मध्ये सुरू झाला. १ जानेवारी १९४७ ला, स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, ही कंपनी सरकारने घेतली आणि तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली.

रेडिओ खासगी होता तर बुडाला का?

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड अर्विनच्या हस्ते सुरू झालं, कलकत्ता केंद्र ऑगस्टमध्ये. कंपनीला प्रक्षेपणाचा परवाना मिळाला, पण तो चालवण्याची साधनं मिळाली नाहीत. श्रोत्याने वर्षाला १० रुपये परवाना फी भरायची आणि त्यातला बहुतांश हिस्सा कंपनीला. परवानाधारक श्रोते सगळ्या देशात काही हजारच. मुंबईचा प्रक्षेपक दीड किलोवॉटचा, शहराबाहेर फार जोर नाही. संच महाग, आणि विनापरवाना ऐकणाऱ्यांना शोधायची यंत्रणा सरकारकडे नव्हती. कंपनीने मदत मागितली, सरकारने दिली नाही. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

१ एप्रिल १९३० पासून सरकारने सेवा स्वतः चालवायला घेतली. १९३१ मध्ये मंदीचं कारण देऊन ती बंद करण्याचाही हुकूम काढला. आरडाओरड झाल्यावर तो मागे घेतला आणि १९३२ मध्ये सेवा कायम ठेवायचं ठरलं. १९३६ पासून ती ऑल इंडिया रेडिओ.

याला कुणी खासगी उद्योगाचं अपयश म्हणतं. मला ते पटत नाही. ज्या कंपनीचं उत्पन्न, दर आणि परवाना सगळंच सरकार ठरवतं, तिला खासगी म्हणणं नावापुरतं आहे. आणि ज्या सरकारला लोकांनी काय ऐकावं याची भीती वाटते पण लोकांना काही ऐकवण्याची हौस नाही, त्याने तिला मरू दिलं. नंतर त्याच सरकारला प्रचारासाठी आणि ग्रामीण कार्यक्रमांसाठी रेडिओ उपयोगी वाटू लागला, तेव्हा पैसा निघाला.

परवान्याशिवाय कुणी प्रक्षेपण केलं का?

केलं, आणि तेही मुंबईतून. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते तुरुंगात गेल्यावर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चुकवण्यासाठी जागा बदलत, ४२.३४ मीटरवर, नोव्हेंबरपर्यंत. यंत्रसामग्रीच्या बाबतीत शिकागो रेडिओचे नानक मोटवानी मदतीला होते. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. त्यांनी ती येरवड्यात भोगली. सरकारी तारा आणि सरकारी रेडिओ या दोन्हींच्या बाहेर हिंदुस्थानी माणसांनी स्वतः उभं केलेलं, स्वतःचं म्हणणं सांगणारं दूरसंचाराचं साधन शोधायला गेलं, तर हे तीन महिने ठळकपणे हाती लागतात.

इतर वसाहतींत काय होतं?

डच ईस्ट इंडीजमध्येही तार सरकारी, १८५६ पासून. ऑस्ट्रेलियात वाळवंट ओलांडून डार्विनपर्यंतची लाइन १८७२ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पुरी केली आणि समुद्रापलीकडचा भाग पेंडरच्या कंपनीने. पुढे दर कमी होईनात म्हणून ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून १९०२ मध्ये पॅसिफिक समुद्रातून सरकारी मालकीची केबल टाकली. ती येणार हे दिसताच खासगी कंपनीचे दर उतरले. तुलना केल्याशिवाय राहवत नाही: स्वतःची विधिमंडळं असलेल्या गोऱ्या वसाहतींनी सरकारी केबल स्पर्धेसाठी वापरली, हिंदुस्थानात सरकारी केबल मक्तेदारीच्या वाटणीत बसली. फरक मालकीत नव्हता, मतदारांत होता.

१८८५ चा टेलिग्राफ कायदा एवढा महत्त्वाचा का मानतात?

कारण वर सांगितलेली सगळी व्यवस्था त्याच्या दोन कलमांत बसते. चौथं कलम: तारा उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारचा, आणि इतरांना परवाना देण्याचा हक्कही सरकारचा. पाचवं कलम: सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवानाधारकाची यंत्रणा ताब्यात घेण्याचा, संदेश अडवण्याचा आणि उघडून पाहण्याचा हक्क. खासगी कंपनीला धंदा करू द्यायचा पण दाराची किल्ली खिशात ठेवायची, अशी ती रचना होती.

स्वातंत्र्यानंतर तीच किल्ली आपल्या सरकारांनी वापरली. नव्वदच्या दशकात मोबाइल कंपन्यांना परवाने दिले गेले ते चौथ्या कलमाखाली. फोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंधनं घातली, ती पाचव्या कलमाच्या वापरावर.

मग सरकारी चांगलं की खासगी?

आपल्या प्रदेशापुरतं बोलायचं तर आखाताची सरकारी केबल चांगली चालली आणि पेंडरची खासगी केबलही चांगली चालली. लाल समुद्रातली खासगी केबल बुडाली आणि सरकारने १९३१ मध्ये रेडिओ बंद करायला काढला. कार्यक्षमतेचा निकाल एका बाजूला लागत नाही.

निकाल लागतो तो उत्तरदायित्वाच्या प्रश्नावर. हिंदुस्थानी माणूस कर भरत होता, तारेचे पैसे मोजत होता, पण दर, मार्ग, भाषा यातल्या कशावरही त्याचं मत विचारलं जात नव्हतं. मालक बदलून हे बदललं नाही. आज सरकारी कंपनी विकावी की राखावी यावर वाद घालताना ग्राहकाची तक्रार ऐकायला बांधील कोण, हा प्रश्न आधी विचारला जावा असं मला मनापासून वाटतं.

या इतिहासाच्या खुणा आज कुठे पाहता येतील?

मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळची सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसची दगडी इमारत, जी मुळात जनरल पोस्ट ऑफिस म्हणून बांधली होती. फोर्टमधलं विदेश संचार भवन, ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसची वारस असलेल्या विदेश संचार निगमचं घर. ही निगम १९८६ मध्ये स्थापन झाली आणि २००२ मध्ये तिचा ताबा टाटांकडे गेला. जुन्नर भागात आर्वीला १९७१ चं उपग्रह भूकेंद्र. जुने सरकारी कागद पाहायचे असतील तर मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेख विभाग आहे.

तार आणि तो कायदा, दोन्ही अजून आहेत का?

तार नाही. शेवटच्या तारा १४ जुलै २०१३ रोजी स्वीकारल्या गेल्या. कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा केला आणि त्याची कलमं २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. दूरसंचार सेवेसाठी सरकारची परवानगी घेण्याची अट आणि आणीबाणीत सेवा ताब्यात घेण्याचा व संदेश अडवण्याचा अधिकार, दोन्ही त्यात आहेत.